पहिली मोटरसायकल: काही रूढ समज आणि वस्तुस्थिती

मोटरसायकल विकत घेण्याचा मनोदय घरात एकदा बोलून दाखवला की, ज्यांनी हयातीत कधी दुचाकीचे हँडल धरले नाही अशा आप्तांपासून गल्लीच्या तोंडाशी गॅरेज चालवणाऱ्या मेकॅनिकपर्यंत जो तो इतक्या ठामपणे सल्ला देऊ लागतो की, त्यातला कोणता सल्ला ग्राह्य आणि कोणता निराधार याची छाननी करण्याचे धैर्य नवशिक्याच्या अंगी सहसा उरत नाही.

या सल्ल्यांतला सर्वांत दृढमूल समज असा की, इंजिनाचा ‘सीसी’ म्हणजेच गाडीची ताकद. सबब आकडा लहान असेल ती गाडी निर्धोक. वास्तविक सीसी हे पिस्टन वरखाली होताना सिलिंडरमध्ये जी जागा व्यापतो तिचे माप आहे. त्या जागेतून किती शक्ती काढायची आणि ती इंजिनाच्या कोणत्या गतीला द्यावयाची, हे रचनाकार ठरवतो. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३४९ सीसीच्या इंजिनातून सुमारे २० अश्वशक्ती देते. यामाहाची आर१५ त्याच्या निम्म्याहूनही लहान, म्हणजे १५५ सीसीच्या इंजिनातून १८ च्या घरात जाते. आणि क्लासिकशी आकड्याने जवळचे नाते सांगणारी केटीएमची ३९० ड्यूक मात्र ४० च्याही पुढे असते. क्लासिकचा जोर इंजिन सावकाश फिरत असतानाच मिळतो, आर१५ ची पूर्ण शक्ती मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या आसपास जागी होते. तेव्हा नवशिक्याने विचारावयाचा प्रश्न असा की, मूठ चुकून थोडी अधिक पिळली गेली तर ही गाडी माझी चूक पोटात घालील, की मला घेऊन सुसाट सुटेल?

‘जड गाडी रस्ता धरून चालते’ हे वचनही असेच अर्धसत्य आहे. वेगात असताना गाडीला मिळणारे स्थैर्य फिरत्या चाकांतून आणि तिच्या भूमितीतून येते. वजनाची खरी प्रचीती गाडी उभी असताना किंवा रांगत असताना, पार्किंगमधून मागे ढकलताना आणि उतारावर वळवताना येते. स्प्लेंडर ११२ किलोंच्या आसपास आहे, क्लासिक १९५ च्या. हा फरक महामार्गावर जाणवणार नाही, चाळीच्या चौकात जाणवेल. सीटची उंचीही केवळ कागदावर वाचून कळत नाही, कारण रुंद सीटवर मांड्या फाकतात आणि तीच उंची अधिक वाटू लागते. शोरूममध्ये नेहमीचेच जोडे घालून गाडीवर बसावे, दोन्ही तळवे जमिनीला निदान बहुतांशी टेकतात का ते पाहावे, आणि गाडी स्टँडवरून स्वतः काढून पाहावी. विक्रेत्याच्या चेहऱ्यावरील अधीरतेकडे दुर्लक्ष करण्यास माझी पूर्ण मुभा आहे.

‘पुढचा ब्रेक दाबू नकोस, तोंडावर पडशील’ ही ताकीद आपल्याकडे बापाकडून मुलाकडे वारसाहक्काने येते, आणि मला तिच्याइतकी घातक दुसरी ताकीद माहीत नाही. वेग मंदावू लागताच गाडीचा आणि चालकाचा भार पुढच्या चाकाकडे सरकतो, मागचे चाक हलके होते आणि त्याची पकड घटते. अशा वेळी मागचाच ब्रेक करकचून दाबणारा मनुष्य ज्या चाकात थांबवण्याची ताकद नाही त्याच्याकडे ती मागत असतो, आणि ते चाक जाम होऊन गाडी आडवी घसरते. कोरड्या सरळ रस्त्यावर थांबवण्याचे बहुतांश काम पुढचा ब्रेकच करतो. ताकिदीत तथ्य आहे ते एवढेच की, हँडल वळलेले असताना, वाळूवर किंवा पहिल्या पावसात तेलकट झालेल्या डांबरावर तो एकदम आवळू नये. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले. पण त्यामुळे गाडी सर्वत्र कमी अंतरात थांबते, हाही भ्रमच. एबीएस चाक जाम होऊ देत नाही. सुट्या खडीवर थांबण्याचे अंतर उलट वाढूही शकते. शिवाय अनेक गाड्यांत ते केवळ पुढच्या चाकाला असते, हे विकत घेण्यापूर्वी विचारावे.

‘कोपऱ्यावरच तर जायचे आहे’ या सबबीवर हेल्मेट घरी ठेवणाऱ्यांनी हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरात केलेल्या पाहणीची दखल घ्यावी. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या या अहवालासाठी ९०० अपघातांची घटनास्थळी तपासणी झाली होती. त्यांतील बहुतेक प्रवास अल्प अंतराचे होते, आणि धोका उद्भवण्यापूर्वीचा मध्यम वेग ताशी अवघा ४८ किलोमीटरच्या आसपास होता. अपघातग्रस्तांपैकी ९२ टक्के लोक स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून गाडी शिकलेले होते, हेही मामाच्या गाडीवर मैदानात शिकलेल्या आपल्या मंडळींनी लक्षात ठेवण्याजोगे. हेल्मेटने ऐकू येत नाही किंवा मानेला इजा होते, या पुण्याच्या हेल्मेटसक्तीच्या वादात वर्षानुवर्षे ऐकू येणाऱ्या आक्षेपांनाही त्या पाहणीत आधार सापडला नाही.

हेल्मेटचे काम बाहेरचे कवच करते असे आपण समजतो. ते कवच आघात पसरवते, पण तो शोषून घेतो आतला थर्माकोलचा थर, आणि एकदा चिरडला की तो पुन्हा फुगत नाही. म्हणून अपघातात डोके आपटल्यावर बाहेरून अभंग दिसणारे हेल्मेटही टाकून द्यावे. १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्हाविना दुचाकीचे हेल्मेट विकण्यास मनाई आहे. तथापि चिन्ह असले तरी माप आपलेच हवे. नवे हेल्मेट गालांना दाबले पाहिजे, आणि पट्टा बांधून मागून वर उचलले असता डोक्यावरून निघता कामा नये. गाडीबरोबर मिळणारे हेल्मेट या कसोटीस उतरेलच, असा भरवसा धरू नये.

जाडसर जीन्स घातली की पायांची काळजी मिटली, हा समज डांबरावर घसरल्यावर फार थोड्या क्षणांत फाटतो. जॅकेट घेताना आतली पॅड बाहेर काढून त्यांवर ईएन १६२१ हा मानकाचा क्रमांक आहे का ते पाहावे. निव्वळ स्पंज घालून विकली जाणारी जॅकेटे बाजारात उदंड आहेत. विदर्भातल्या उन्हाळ्यात जॅकेट अशक्य, असे म्हणणाऱ्यांनी जाळीचे जॅकेट अंगावर घालून पाहावे. पैसे थोडे असतील तर माझ्या मते हेल्मेटनंतर हातमोजे घ्यावेत, कारण पडताना मनुष्य प्रथम हातच टेकतो. मग घोटा झाकणारे बूट, आणि त्यानंतर जॅकेट. रेनकोट पावसापासून वाचवतो, रस्त्यापासून नव्हे.

पहिली गाडी जुनी घेण्यात गैर काही नाही. पण स्टँप पेपरवर सह्या झाल्या आणि किल्ली हाती आली की व्यवहार पुरा झाला, असे मानू नये. फॉर्म २९ आणि ३० आरटीओत दाखल होऊन नाव बदलेपर्यंत कायद्याच्या नजरेत मालक जुनाच राहतो, आणि अपघात झाल्यास भरपाईचा दावा त्याच्या दारी जाऊ शकतो. म्हणजे नावबदलाची घाई विकणाऱ्यालाही असावयास हवी. जो ‘नंतर पाहू’ म्हणतो, त्याच्या आरसीवर कर्जाचा बोजा आहे का ते तपासावे, चॅसी आणि इंजिनाचे क्रमांक स्वतः ताडून पाहावेत, आणि बोजा असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र व फॉर्म ३५ हाती पडल्यावाचून बयाण्यापलीकडे दमडी देऊ नये.