हवामानासाठीं झालेला खर्च हिशेबांत कसा ओळखावा

पूर्णेकांठच्या केदारखेड्याच्या शिवारांत एखादें शेततळें खणलें गेलें, तर पाहणाऱ्यास तें एक तळेंच दिसतें. सरकारी दप्तरांत मात्र तसलेंच तळें कोठें फलोत्पादनाचें, कोठें रोजगार हमीचें, तर कोठें हवामानबदलास तोंड देण्याच्या तजविजीचें म्हणून लिहिलें जातें. माती तीच व मजुरीही तीच. पैसा ज्या योजनेचा, तिच्या नांवाची नोंद. हल्लीं ‘हवामानासाठीं इतके कोटी’ असे आंकडे वरचेवर कानीं पडतात. ते कसे बनतात हें ठाऊक नसतां त्यांवर विश्वास ठेवणें व्यर्थ, आणि अविश्वास दाखविणेंही तितकेंच व्यर्थ होय.

सरकारचा जमाखर्च कामाच्या प्रकारानुसार शीर्षांत विभागलेला असतो. मुख्य शीर्ष चार अंकी असतें : २४०१ म्हणजे पीक संवर्धन, २४०२ मृद व जलसंधारण, २७०२ लघुपाटबंधारे, २२४५ नैसर्गिक आपत्तींतील साहाय्य. त्याखालीं एकेक पायरी उतरत गेल्यास एकंदर सहा पायऱ्या व पंधरा अंक होतात. जालन्याच्या कोषागारांतून निघालेला रुपया ह्याच अंकांनिशीं नागपूरच्या महालेखापालांच्या वहींत चढतो. मराठवाड्याचे लेखे तेथेंच असतात. पर्यावरणाचें एक शीर्ष (३४३५) ह्या वर्गवारींत आहे खरें. परंतु बांध, ठिबक व बियाणें ह्यांवरील खर्च त्यांत पडत नाहीं. तो दहा ठिकाणीं विखुरलेला असतो.

ही अडचण दूर करण्यास शीर्षें न बदलतां प्रत्येक योजनेवर निराळी खूण करण्याची रीत निघाली. नेपाळनें ती २०१२ सालीं उचलली. आपल्या देशांत ओडिशानें २०२० सालीं हवामान अंदाजपत्रक प्रसिद्ध केलें. मुंबई महानगरपालिकेनें जून २०२४ मध्यें आपला पहिला असा अहवाल काढून २०२४-२५ सालाच्या भांडवली खर्चापैकीं १०,२२४ कोटी रुपये, म्हणजे सुमारें ३२ टक्के, हवामानाशीं संबंधित असल्याचें दाखविलें. युरोपीय संघांत ह्या खुणेस वजनही देतात : मुख्य हेतूच हवामान असेल तर रकमेचे १०० टक्के धरावयाचे, तो अंशतः असेल तर ४०, आणि नसेल तर शून्य. रीत सोपी आहे. मात्र अमुक योजना चाळिसांत कीं शंभरांत, हें पुष्कळदां ती योजना चालविणारें खातेंच ठरवितें. स्वतःच्या धान्याची प्रत स्वतःच लावण्यासारखा हा प्रकार आहे.

आपल्या जिल्ह्यांतील उदाहरण नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाचें. २०१८ सालीं जागतिक बँकेच्या कर्जानें सुमारें ४,००० कोटी रुपयांचा हा प्रकल्प सुरू झाला व त्यांतील १५ जिल्ह्यांत जालना होता. प्रकल्पाचा उद्देशच हवामानाशीं जुळवून घेणारी शेती हा असल्यानें त्याची रक्कम सबंध त्या नांवें धरणें सोपें आहे. परंतु आंत डोकावल्यास प्रश्न उभा राहतो. पावसाच्या ओघानें भरणारें तळें आणि विंधन विहिरीच्या पाण्यानें भरून उन्हांत उघडें टाकलेलें तळें ह्या दोहोंस एकच खूण कशी द्यावी? पहिल्यानें अवर्षणाचा धोका कमी होतो. दुसऱ्यानें शेजाऱ्याची विहीर आटते, आणि उपसलेल्या पाण्याची वाफ होते ती वेगळीच.

दुसरी गोष्ट २२४५ ह्या शीर्षाची. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजीं राज्यांतील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. केदारखेडा ज्यांत आहे तो भोकरदन तालुका त्यांत होता. अशा वर्षीं दिलेलें साहाय्य आवश्यकच; पण तें हवामानाच्या खर्चांत मिळवावें काय? आमच्या मतें तें निराळें दाखवावें. नाहींतर जितकें नुकसान अधिक, तितकें सरकार हवामानाविषयीं दक्ष, असा उफराटा अर्थ आंकड्यांतून निघेल.

खूण बहुधा अंदाजपत्रकाच्या वेळीं होते, आणि अंदाजपत्रक म्हणजे केवळ बेत. तरतूद, सुधारित अंदाज व प्रत्यक्ष खर्च ह्या तिहींत अंतर पडतें. आणि खर्च झाला तरी काम साधलें असें होत नाहीं. जलयुक्त शिवार अभियान डिसेंबर २०१४ मध्यें निघालें. त्यावरील ९,६३३.७५ कोटी रुपयांच्या खर्चानंतरही गांवें पाण्यानें स्वयंपूर्ण करण्यांत व भूजलपातळी वाढविण्यांत फारसा परिणाम दिसला नाहीं, असा अभिप्राय नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२० सालीं विधिमंडळापुढें आलेल्या अहवालांत आहे. त्या अभियानावर हवामानाची खूण असती तर बेरजेंत ही सबंध रक्कम यश म्हणून मिरविली गेली असती!

म्हणून ग्रामसभेंत एखाद्या कामाचा हिशेब वाचला जाईल तेव्हां तरतूद किती व खर्च किती एवढ्यावर थांबूं नये. तो कोणत्या शीर्षाखालीं पडला, हें विचारावें. न सांगितल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्यान्वयें अर्ज करतां येतो. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षांतून चार वेळां मोजते. काम होण्यापूर्वींच्या व नंतरच्या ऑक्टोबर आणि मे महिन्यांतील आंकडे, त्या वर्षांच्या पावसासह, त्याच कागदावर खर्चाशेजारीं लिहून घ्यावे.