मोटारीच्या हेडलाइटची पुनःस्थापना : घासण्याचे चरे टाळण्यामागील विज्ञान

प्रस्तावना :
मोटारीच्या हेडलाइटची 'काच' आज बहुधा काच नसून पॉलिकार्बोनेट हे बहुवारिक असते. १९५३ मध्ये जर्मनीत हर्मान श्नेल व अमेरिकेत डॅनियल फॉक्स यांनी ते स्वतंत्रपणे विकसित केले. ते हलके व आघात सोसणारे आहे. मात्र त्याचा पृष्ठभाग मृदू असून अतिनील किरणांनी तो पिवळा पडतो. म्हणून कारखान्यातच त्यावर कठीण लेप दिला जातो. हा लेप झिजल्यावर काच धुरकट होते. अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशनच्या २०१८ च्या चाचणीत अशा दिव्यांचा प्रकाश नव्याच्या सुमारे २० टक्केच आढळला. पुनःस्थापनेनंतर तो सुमारे ७० टक्क्यांवर आला. परंतु घासताना पडलेले चरे शिल्लक राहिले, तर हा लाभ कमी होतो. ते कसे टाळावेत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

चरे का उरतात? :
दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते, तर 'पी ८००' वॉटर पेपरचे कण सरासरी २२, 'पी १०००' चे १८, 'पी १५००' चे १३ व 'पी २०००' चे १० मायक्रॉनचे असतात. कण जितका मोठा तितका चरा खोल. म्हणून प्रत्येक पुढील कागदाचे कार्य एकच : मागील कागदाचे चरे पूर्णतः नाहीसे करणे. मधली पायरी गाळल्यास खोल चऱ्यांचे तळ तसेच राहतात. पॉलिश केवळ त्यांच्या कडा गोल करते. शिवाय 'पी' नसलेला अमेरिकन '६००' क्रमांक जवळजवळ 'पी १२००' इतका बारीक असतो. दोन्ही पद्धतींचे कागद मिसळल्यास क्रमच बिघडतो.

कार्यपद्धती :
१) रंगावर मास्किंग टेप लावून काच धुवावी. ८००, १०००, १५००, २००० व ३००० असा क्रम ठेवावा.
२) कागद व काच सतत ओली ठेवावी, पाण्यात साबणाचा थेंब टाकावा.
३) प्रत्येक टप्प्यावर घासण्याची दिशा काटकोनात बदलावी. मागील चरे आडवे दिसत असल्याने ते संपले की नाही हे कळते.
४) बोटांनी दाबू नये, मऊ रबरी ठोकळा वापरावा. बोटांखाली दाब असमान पडून घळी निर्माण होतात.
५) कागद बदलताना पाणी व फडकेही बदलावे. जाड कागदाचा एखादा कण नवा चरा पाडण्यास पुरेसा असतो.
६) परीक्षण काच कोरडी करूनच करावे. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, पॉलिकार्बोनेटचा सुमारे १.५८ व हवेचा १ असल्याने पाण्याने भरलेले चरे लपतात व वाळल्यावर पुन्हा दिसतात.
७) शेवटी पॉलिशिंग कंपाउंड वापरावे. यंत्र एका जागी स्थिर ठेवू नये. घर्षणाच्या उष्णतेने पृष्ठभाग मऊ होतो. थिनर वा ॲसिटोन टाळावे. त्यांमुळे पॉलिकार्बोनेटला तडे जातात.

अतिनीलरोधक लेप :
घासताना मूळ लेपही निघून जातो, म्हणून नवा अतिनीलरोधक लेप अनिवार्य आहे. तो सूक्ष्म चरे भरून काढतो. जाड चरे मात्र त्याखालूनही दिसत राहतात. काचेच्या आतील धुरकटपणा अथवा खोल तडे घासून जात नाहीत. तेथे दिवा बदलणेच योग्य.

समारोप :
चऱ्यांमुळे विखुरलेला प्रकाश रस्त्याऐवजी समोरून येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांत शिरतो. त्यामुळे हा प्रश्न केवळ सौंदर्याचा नसून दोन्ही चालकांच्या सुरक्षिततेचा आहे. अपवर्तन व प्रकीर्णन शिकविताना पदार्थविज्ञानाच्या अध्यापकांनाही हे उदाहरण उपयुक्त ठरेल.