फिटनेसमधली रिकामी जागा

सरकारी नोकरीत रुजू होताना वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. सगळे त्याला नुसतं ‘फिटनेस’ म्हणतात. नाव बरोबर आहे ना, सही आहे ना, गोल शिक्का नीट उठलाय ना, एवढं बघून कागद फायलीला लागतो. वाचत कोणी नाही. इंग्रजांच्या अमदानीपासून चालत आलेला त्याचा मसुदा मात्र वाचण्यासारखा आहे. डॉक्टर लिहून देतात, की या उमेदवाराला मी तपासलं आणि त्याच्यात कोणताही रोग, अंगभूत अशक्तपणा किंवा शारीरिक व्यंग मला आढळलं नाही, याखेरीज... आणि पुढे टिंबं. टिंबांनंतरचं वाक्य असं, की जे आढळलं ते या नोकरीसाठी अपात्रतेचं कारण आहे असं मी मानत नाही. (उमेदवाराचं वय त्याच्या सांगण्यावरून किती आणि दिसण्यावरून किती, हेही डॉक्टरांनीच भरायचं. जन्मदाखले नसलेल्या काळाची ती खूण.)

म्हणजे हा मसुदा करणाऱ्या साहेबाला एक गोष्ट कळत होती : माणसाला आजार असू शकतो आणि तरीही तो कामाला लायक असू शकतो. त्यासाठी त्यानं कागदावर जागाही ठेवली. आपण त्या जागेत पिढ्यान्‌पिढ्या एकच शब्द लिहीत आलो : निरंक.

आता अंबड तालुक्यातली एक मुलगी डोळ्यांपुढे आणा. ही अमुक एक नाही, पण ओळखीची वाटेल. बाप ऊस लावतो, बांधाला लागून मोसंबीची थोडी झाडं. बारावीच्या वर्षी पोरीची झोप उडाली, जेवण तुटलं, पुस्तक उघडलं की रडू यायचं. घरच्यांनी आधी मत्स्योदरीच्या पायऱ्या चढून देवीची ओटी भरली. मग कोणी सांगितलं म्हणून अंगारा. तीन महिने असेच गेल्यावर मानसोपचारतज्ज्ञ. तोही जालन्यातला नको, ‘तिथं आपलं कोणी ना कोणी भेटतंच’, म्हणून एसटीनं थेट संभाजीनगर गाठलं. शेजारी विचारायचे तेव्हा ‘पोटाचा त्रास आहे’ असं ठरलेलं उत्तर. आठ-दहा महिने गोळ्या चालल्या. पोरगी सावरली, जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेला लागली, तीन वर्षं वॉर्डात उभी राहिली, पास झाली. आज झेरॉक्सच्या दुकानात अर्ज भरताना ‘पूर्वीचे आजार असल्यास’ या ओळीवर तिचा पेन अडलाय. रांगेत मागे चार जण. आई कानाशी म्हणते, “काही लिहू नको माय, झालं गेलं ते.”

लिहावं का? याचं उत्तर देण्याआधी हा प्रश्न नेमका कुठल्या खिडकीवर विचारला जातो ते पाहू. कारण घरात सगळ्याच कागदांना ‘लायसनचे कागद’ म्हणायची पद्धत आहे, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

नर्सिंगमधलं लायसन म्हणजे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडची नोंदणी. १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाखाली मुंबईचं हे कौन्सिल नोंदवही ठेवतं आणि दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. या नोंदणीचा पाया शिक्षण आहे : मान्यताप्राप्त संस्था, पूर्ण केलेला अभ्यासक्रम, उत्तीर्ण झालेली परीक्षा. तब्येतीचा खरा प्रश्न त्याच्या आधी आणि नंतर येतो. आधी, म्हणजे प्रवेशाच्या वेळी. भारतीय नर्सिंग परिषदेच्या पात्रतेच्या अटींत एक छोटीशी अट असते, की उमेदवार वैद्यकीयदृष्ट्या तंदुरुस्त असावा. बस्स, एवढंच. तंदुरुस्त म्हणजे काय, मनाचं त्यात धरायचं का, कालचं धरायचं की आजचं, याचा निवाडा त्या कागदावर सही करणाऱ्या डॉक्टरावर सोडलेला. आणि नंतर, म्हणजे नोकरीत रुजू होताना, तेच फिटनेस पुन्हा.

डॉक्टर बहुधा वजन, रक्तदाब, डोळे, छाती बघतात. ‘झोप लागते का?’ असं विचारणारा विरळा. त्यामुळे मनाच्या आजाराबद्दल आपल्याकडे एक विचित्र तह झालेला आहे : तुम्ही विचारू नका, आम्ही सांगत नाही. वरवर हे सोयीचं वाटतं. पण त्याची किंमत पुढे मोजावी लागते, ती अशी, की एकदा ‘निरंक’ लिहून आत शिरलेली सिस्टर नंतर पुन्हा खचली तरी डॉक्टरकडे जायला धजत नाही. कागदावर निरंक, मग गोळ्या कशाच्या?

कायदा या बाबतीत आपल्या समाजाच्या बराच पुढे गेलेला आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ मध्ये अमलात आला. त्याचं तिसरं कलम स्पष्ट म्हणतं, की पूर्वी उपचार घेतले किंवा रुग्णालयात दाखल व्हावं लागलं, ही बाब विचारात घेता येईल. पण केवळ तेवढ्यावरून आज किंवा उद्या त्या माणसाला मानसिक आजार आहे असं ठरवता येणार नाही. त्याच कलमात पुढे आहे, की मानसिक आजार आहे म्हणून माणसाचं मन ठिकाणावर नाही असं धरायचं नाही. ते जाहीर करण्याचा अधिकार सक्षम न्यायालयाचा. एकविसावं कलम मानसिक आजार असलेल्यांना शारीरिक आजार असलेल्यांच्या बरोबरीनं वागवा म्हणून सांगतं. तेविसावं गोपनीयतेचं. उपचार करणाऱ्यानं माहिती बाहेर द्यायची नाही. कोणाच्या जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश, सार्वजनिक सुरक्षितता अशा मोजक्या वेळीच ते दार किलकिलं होतं. म्हणजे कॉलेजनं किंवा हॉस्पिटलनं परस्पर मानसोपचारतज्ज्ञाला फोन लावून ‘ही तुमच्याकडे होती का हो?’ विचारलं, तर डॉक्टरनं ‘सांगता येणार नाही’ एवढंच म्हणायचं असतं.

तरीही, थेट विचारलेल्या प्रश्नाला खोटं उत्तर देणं ही वेगळी गोष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये अवतारसिंग खटल्यात माहिती लपवण्याबद्दलचे नियम एकत्र मांडले. तो मामला पोलीस केसेस लपवण्याचा होता, तब्येतीचा नव्हता. पण त्यातलं एक सूत्र कुठल्याही अर्जाला लावून बघण्यासारखं आहे. प्रश्न नेमका असला पाहिजे, मोघम नको, आणि जे नेमकं विचारलंय तेवढंच सांगण्याचं बंधन उमेदवारावर आहे. मात्र नेमकं विचारलेलं लपवलं, तर पुढे नोकरी जाऊ शकते.

तेव्हा झेरॉक्सच्या दुकानातल्या पोरीला माझं उत्तर असं : आधी प्रश्न दोनदा वाच. ‘सध्या कामात अडथळा आणणारा कोणता आजार आहे का?’ असं विचारलं असेल आणि तू दोन वर्षं ठणठणीत असशील, तर ‘नाही’ हेच खरं उत्तर. ‘गेल्या पाच वर्षांत कशावर उपचार घेतले?’ असं विचारलं असेल, तर ‘नाही’ हे खोटं. तिथं दोन ओळींत लिही : अमुक आजार, अमुक महिने उपचार, आता बरी. सोबत डॉक्टरचं पत्र जोड. आपले उपचारांचे कागद मागण्याचा हक्क त्याच २०१७ च्या कायद्याच्या पंचविसाव्या कलमानं दिलाय. पत्रात भूतकाळाची कहाणी नको. ही मुलगी आज नर्सिंगचं काम करायला समर्थ आहे, हे वाक्य हवं. आणि विचारलंच नसेल, तर आपणहून जीवनचरित्र लिहायला बसू नकोस. तेवढं खासगीपण तुझं आहे.

इथं वाचकांपैकी कोणीतरी म्हणणार, अहो, पण रुग्णांचं काय? बरोबर आहे. सिस्टरच्या हातात इंजेक्शन असतं, झोपेच्या औषधांच्या कपाटाची किल्ली असते. भ्रम होतायत आणि उपचार सुरू नाहीत, अशा अवस्थेत कोणालाही ड्युटीवर उभं करू नये. दारू-गोळ्यांची सवय लागलेल्याच्या हातात ती किल्ली देऊ नये. (व्यसनाशी जोडलेले विकारही कायद्याच्या व्याख्येत मानसिक आजारातच मोडतात.) पण याचंही उत्तर घरी बसवणं नाही. केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका अधिकाऱ्याच्या खटल्यात १७ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं हा पेच सोडवून दाखवला. मंत्रचळेपणाचा आणि नैराश्याचा आजार असलेल्या त्या अधिकाऱ्यावर खात्यानं शिस्तभंगाची कारवाई चालवली होती. न्यायालयानं ती रद्द केली आणि सांगितलं, की गरज वाटल्यास त्याला दुसरं काम द्या, ते काम बंदुकीशिवायचं ठेवायलाही हरकत नाही. पण पगार आणि सेवाशर्तींना धक्का लागता कामा नये. बंदुकीच्या जागी औषधांची किल्ली ठेवा, की वॉर्डाचा प्रश्नही सुटतो. अपंग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे आणि कामाच्या ठिकाणी वाजवी सोय करून देण्याचं बंधनही. नर्सिंगमध्ये ही सोय पुष्कळदा फार साधी असते. काही आजारांत झोप मोडली की आजार उलटतो. अशा सिस्टरला सलग नाइट लावू नयेत, एवढंच. ड्युटीचा तक्ता लावणाऱ्या मेट्रनच्या पेन्सिलीनं होण्यासारखं काम आहे.

बाहेरदेशी जाणाऱ्यांसाठी मात्र प्रश्न वेगळा, कारण तिकडे तो खरोखर विचारतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून मराठवाड्यातही जर्मन शिकण्याच्या गोष्टी सुरू झाल्या आहेत. तिथल्या नर्सिंगच्या कायद्याची भाषा गमतीची आहे. उमेदवार निरोगी असावा असं तो म्हणत नाही; आरोग्याच्या दृष्टीनं तो या कामाला अपात्र नसावा, असं म्हणतो. ऐकायला सारखंच, पण ओझं उलट बाजूला. ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलचंही तेच : आजार असणं म्हणजे अपात्रता नव्हे, काम सुरक्षितपणे करता येतं की नाही हा मुद्दा. उपचारांनी आटोक्यात असलेला आजार तिथं आड येत नाही.

अमेरिकेत राज्याराज्यांचे अर्ज निराळे. तिथं अनेक अर्जांत ‘कधी मानसोपचार घेतले आहेत का?’ असा सरसकट प्रश्न वर्षानुवर्षं होता. न्यूयॉर्कमधल्या एका रुग्णालयाच्या अपघात विभागाच्या प्रमुख डॉ. लॉर्ना ब्रीन यांनी एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाच्या पहिल्याच लाटेत, स्वतःचं आयुष्य संपवलं. मदत घेतली तर लायसन जाईल अशी भीती त्यांना वाटत होती, असं त्यांच्या घरच्यांनी नंतर जगाला सांगितलं. मार्च २०२२ मध्ये त्यांच्या नावानं तिथं आरोग्यसेवकांच्या मनःस्वास्थ्यासाठी कायदा झाला, आणि अर्जांतले ते प्रश्न काढून टाकण्याची मोहीम त्यांच्या कुटुंबानं चालवली. ‘कधी’ हा शब्द जाऊन ‘सध्या’ हा शब्द यावा, एवढ्यासाठी एवढी किंमत.

आपल्याकडे अजून वेळ गेलेली नाही. १९४७ चा नर्सिंग परिषदेचा कायदा बाजूला सारून राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोग आणणारा कायदा संसदेनं ऑगस्ट २०२३ मध्ये केला. नव्या व्यवस्थेत नोंदणीचे, प्रवेशाचे नियम नव्यानं लिहिले जाणार. ‘वैद्यकीयदृष्ट्या तंदुरुस्त’ या दोन शब्दांचा अर्थ तिथं सोडवून लिहिला, तर तालुक्याच्या गावातल्या डॉक्टरला अंदाजपंचे सही करावी लागणार नाही. निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेनं २०१५-१६ मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत १३.७ टक्के प्रौढांना आयुष्यात कधी ना कधी मानसिक आजार झालेला आढळला. सातात एक. नर्सिंगच्या साठ जणींच्या वर्गाला हे प्रमाण लावलं तर आठ जणी होतात. त्या सगळ्या ‘निरंक’ असतील?

त्याच पाहणीत वेगवेगळ्या आजारांत सत्तर ते ब्याण्णव टक्के लोक उपचारांपर्यंत पोचलेलेच नव्हते. मराठवाड्यात तर ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी या चार ठिकाणांसारखं प्रादेशिक मनोरुग्णालयच नाही म्हणून राजेश टोपे आरोग्यमंत्री असताना जालन्यासाठी ३६५ खाटांचं मनोरुग्णालय मंजूर झालं. तिथं मानसोपचाराच्या वॉर्डात उभ्या राहायला परिचारिका लागतील. जी मुलगी स्वतः त्या अंधारातून जाऊन आली, गोळी चुकली तर काय होतं हे जिला पुस्तकाशिवाय कळतं, तिला त्या वॉर्डात घ्यायचं, की फिटनेसवर अडवायचं? माझं मत मी लपवत नाही. मी तिला घेईन.

आणि फिटनेसवर सही करणाऱ्या डॉक्टरांना एक विनंती. समोरच्या मुलीनं धीर करून सांगितलंच, तर तिला ‘हे कशाला सांगतेस, निरंक लिहून टाकू’ म्हणू नका. ‘याखेरीज’च्या पुढे खरं ते लिहा आणि त्यापुढचं छापील वाक्य खोडू नका. ते वाक्य तिच्याच साठी तिथं आहे.

ज्यांना अजून कोणापाशी बोलायचंच धाडस झालेलं नाही, त्यांच्यासाठी सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा नंबर १४४१६. दिवसरात्र लागतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत, आणि तिथं कोणी फिटनेस मागत नाही.