मे महिन्यात पाळणाघराची फी घ्यायची की नाही?

पाळणाघर चालवणाऱ्या ताईंचा दर एप्रिलमधला ठरलेला प्रश्न: "सर, पालक म्हणतात, आम्ही महिनाभर गावाला चाललोय, मग मेची फी कशाला?"

आधी हिशोब मांडू. समजा १० मुलं, प्रत्येकी ४,००० रुपये. जमा ४०,०००. जागेचं भाडं १२,०००, मदतनीस मावशींचा पगार ९,०००, लाइट-गॅस-खाऊ ७,०००. हातात उरतात १२,०००. आता चार मुलं गावाला गेली आणि तुम्ही फी सोडली. जमा २४,०००. खाऊचे दोनेक हजार वाचतील, पण भाडं तेवढंच, आणि मावशींचं घरही मे महिन्यात चालायला हवंच ना! खर्च २६,०००. म्हणजे महिनाभर राबून तुमच्याच खिशातले २,००० गेले.

म्हणून मी सांगतो, सलग १५ दिवसांहून जास्त सुट्टी असेल तर अर्धी फी, जागा राखून ठेवण्याची. वरच्या हिशोबात ६,००० तरी उरतात. चार-पाच दिवसांच्या सुट्टीला सवलत नाही. दिवाळीत तुम्ही स्वतः बंद ठेवणार असाल, तर ते दिवस फीत धरलेत हे प्रवेशाच्या वेळीच लिहून द्या. त्याहून जास्त बंद ठेवलंत, तर मात्र पैसे निमूट कमी करा.

शाळकरी मुलं एरवी तीन तास येतात, मेमध्ये दिवसभर. जेवण, दंगा, सगळं आलं. त्यांचा सुट्टीचा दर वेगळा ठेवा आणि मार्चमध्येच व्हॉट्सअ‍ॅपवर कळवा.

तरीही कोणी घासाघीस केली तर वाद नको. जूनमध्ये जागा हवी आहे का, एवढंच विचारा.