चुंबक, उष्णता आणि आमचे अर्धे उत्तर

चार्जिंगला लावलेला मोबाईल गरम होतो. दहावीच्या वर्गात एका मुलीने विचारले, "सर, ही उष्णता वायाच जाते ना? तिची परत वीज नाही करता येत?"

करता येते. दोन धातूंचा एक सांधा गरम आणि दुसरा थंड ठेवला की वीज वाहते, हे सीबेक यांच्या 1821 च्या प्रयोगापासून ठाऊक आहे. 2008 मध्ये जपानच्या केइओ विद्यापीठातील उचिदा, साइतोह आणि सहकाऱ्यांनी चुंबकीय धातूत याचे वेगळे रूप नोंदवले. 2010 पर्यंत तेच यिट्रियम लोह गार्नेटसारख्या, वीज अजिबात न वाहणाऱ्या चुंबकातही दिसले. (कुरआनात लोखंडाच्या नावाची सूरह आहे, अल-हदीद. इथेही चुंबकत्व लोहाचेच.)

वीज वाहत नाही, मग वाहते काय? सफेत खांद्याला खांदा लावून उभ्या माणसांपैकी एकाला धक्का लागला, तर धक्का पुढे सरकतो, माणसे जागेवरच राहतात. तसे प्रत्येक अणू आपले चुंबकपण, म्हणजे स्पिन, किंचित डोलवून शेजाऱ्याकडे पोचवतो. या लहरी गरम बाजूकडून थंड बाजूकडे जातात. चुंबकावर प्लॅटिनमचा पातळ थर दिला की तिथे त्यांचे विजेच्या दाबात रूपांतर होते. तो असतो मायक्रोव्होल्टमध्ये. मोबाईल चार्ज होणे दूरच.

त्या मुलीचा पुढचा प्रश्न होता, चुंबक कसा ठेवावा, गरम की थंड? आम्ही सांगून टाकले: उष्णतेने चुंबकत्व घटते, म्हणजे जितका थंड तितका चांगला.

घरी येऊन वाचले तर उत्तर अर्धेच खरे निघाले. सुमारे 280 अंश सेल्सियसला या गार्नेटचे चुंबकत्व संपते आणि प्रवाहही शून्य होतो. तो तर चुंबकत्वापेक्षाही झपाट्याने घसरतो. थंड करत नेले की प्रवाह वाढतो, कारण लहरी न विस्कटता लांबवर पोचतात. पण जाड स्फटिकात उणे 200 अंशांच्या आसपास तो शिखर गाठतो आणि मग उतरतो. इतक्या थंडीत लहरी उठवायला उष्णताच उरत नाही.

पातळ थरात हे शिखर कमी थंडीतच येते. थरच पातळ, तर लहर लांब जाऊन जाणार कुठे?

दुसऱ्या दिवशी फळ्यावर उतरत्या रेघेऐवजी आम्ही डोंगर काढला. मुलीने वहीतले कालचे वाक्य खोडले आणि विचारले, "सर, पेपरात काय लिहू?"