हिऱ्याच्या मैदानावर : राखीव कॅचरची दुसरी इनिंग

या आठवड्यात पिचरच्या कोपराबद्दल लिहायचं ठरलं होतं. टॉमी जॉनच्या शस्त्रक्रियेची गोष्ट सांगतो असं मी कबूलही केलं होतं. पण मायनर लीगच्या बसप्रवासावरचा मागचा लेख वाचून सांगलीच्या एका वाचकांनी पत्र पाठवलं आणि सगळा बेत बदलला. ते लिहितात, ‘आपले चंद्रकांत पंडित यष्टिरक्षक होते. समोर किरण मोरे असल्यामुळे त्यांच्या वाट्याला कसोटी सामने आले पाच. पुढे प्रशिक्षक म्हणून त्यांनी मुंबई, विदर्भ आणि मध्य प्रदेश अशा तीन संघांना रणजी करंडक जिंकून दिला. बेसबॉलमध्ये असे कुणी पंडित आहेत का?’

आहेत, आणि भरपूर आहेत. खेळाडूचा मॅनेजर कसा होतो हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे आणि त्याची अर्धी उत्तरं कॅचरपाशी येऊन थांबतात. तेव्हा कोपर पुढच्या आठवड्यात.

आधी मॅनेजरचं काम नीट समजून घेऊ. क्रिकेटमध्ये मैदानावरचे निर्णय कर्णधार घेतो, प्रशिक्षक तंबूत बसतो. बेसबॉलमध्ये कर्णधाराकडे असलं काही काम नसतं. बॅटिंगचा क्रम कोणता, पिचर कधी बदलायचा, पहिल्या बेसवरच्या धावपटूला पळवायचं की नाही, हे सगळं संघाचा गणवेश घालून डगआउटमध्ये उभा असलेला मॅनेजर ठरवतो. शिवाय एक कठोर नियम आहे. एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. पिचरला पाचव्या इनिंगमध्ये काढलात की तो संपला, नवव्या इनिंगमध्ये गरज पडली तरी मिळणार नाही. त्यामुळे पिचर नेमका कधी थकतो हे ज्याला कळतं, त्याची मॅनेजर म्हणून निम्मी परीक्षा पास झाली.

आणि ते सगळ्यात आधी कळतं कॅचरला. आपल्याकडे शाळा-कॉलेजात सॉफ्टबॉल खेळलेल्यांना कॅचरचा मास्क आणि छातीवरचं चिलखत माहीत असेल. प्लेटच्या मागे तो उकिडवा बसतो. बाकीचे आठ जण त्याच्याकडे तोंड करून उभे असतात, तो एकटा त्या आठांकडे तोंड करून. दोन मांड्यांच्या आड हात धरून तो बोटांनी खूण करतो. एक बोट म्हणजे सहसा वेगवान चेंडू, दोन म्हणजे वळणारा. दुसऱ्या बेसवर प्रतिस्पर्धी उभा असेल तर त्यालाही ती बोटं दिसतात, म्हणून मग चार-पाच खुणांची माळ करायची आणि त्यातली खरी कुठली ते आधीच ठरवून ठेवायचं. २०२२पासून मेजर लीगमध्ये मनगटावर किंवा गुडघ्याजवळ बांधलेली बटणं आली आणि पिचरच्या टोपीत आवाज जाऊ लागला, पण बटण कुठलं दाबायचं हे डोकं बहुतेकदा कॅचरचंच. बॅटरने मागचा पाय चार बोटं सरकवला, हे त्याला हाताच्या अंतरावरून दिसतं. चेंडू ग्लोव्हमध्ये आपटल्याचा आवाज सातव्या इनिंगमध्ये मऊ झाला, हे तर फक्त त्यालाच कळतं.

पण हे सगळे कॅचर करतात. मग मॅनेजर म्हणून बहुतेक राखीव कॅचरच का पुढे येतात?

याचं उत्तर मला एकाच संघाच्या इतिहासात मिळतं, न्यूयॉर्क यँकीजच्या. त्यांच्या कॅचरच्या जागेवर एकामागून एक आलेली चार माणसं घ्या : बिल डिकी, योगी बेरा, राल्फ हाउक आणि एल्स्टन हॉवर्ड.

डिकी थोर कॅचर. १९४६मध्ये काही महिने त्यांनी संघाचं मॅनेजरपद सांभाळलं आणि सोडलं. पुढे त्यांनी बेराला घडवलं. सेंट लुइसच्या इटालियन वस्तीतला हा बुटका मुलगा बॅट उत्तम चालवायचा, पण प्लेटमागे गोंधळायचा. डिकींनी त्याला बसायचं कसं, फेकायचं कसं, हे मुळापासून शिकवलं. बेरा तीन वेळा अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. खेळाडू म्हणून त्याने दहा वर्ल्ड सिरीज जिंकल्या.

आणि बेरा इतका थोर असल्यामुळे हाउक बसून राहिला. दुसऱ्या महायुद्धात मेजरच्या हुद्द्यापर्यंत पोचलेला, सिल्व्हर स्टार मिळवलेला हा माणूस. १९४७ ते १९५४ या आठ मोसमांत त्याला मिळून ९१ सामने मिळाले. होम रन एकही नाही. बाकी वेळ तो बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचर जिथे हात गरम करतात त्या कोपऱ्यात, त्यांचे चेंडू पकडत होता. आठ वर्षं संघातल्या प्रत्येक राखीव पिचरचा हात त्याने आपल्या ग्लोव्हमध्ये मोजला. चांगल्या संघात रोज खेळणाऱ्या माणसाला एवढी फुरसत मिळत नाही. बेराला स्वतःची बॅटिंग सांभाळायची होती. हाउककडे बघण्याशिवाय काम नव्हतं. मग डेन्व्हरच्या मायनर संघाचा तीन वर्षं मॅनेजर, यँकीजचा कोच, आणि १९६१मध्ये थेट मॅनेजर. पहिल्याच वर्षी १०९ विजय आणि वर्ल्ड सिरीज. दुसऱ्या वर्षी पुन्हा वर्ल्ड सिरीज.

पुढचा भाग मला दर वेळी चटका लावतो. १९६४मध्ये हाउक जनरल मॅनेजर, म्हणजे संघाच्या कारभाराचा प्रमुख, झाला आणि बेरा मॅनेजर. बेराने संघाला वर्ल्ड सिरीजपर्यंत नेलं, ९९ सामने जिंकले, आणि सातव्या सामन्यात सेंट लुइस कार्डिनल्सकडून हरला. दुसऱ्या दिवशी त्याला काढून टाकलं. काढणारा हाउक. ज्याच्यामुळे आठ वर्षं बाकावर बसला, त्यालाच. आकसाने केलं असं मी म्हणणार नाही, पण निर्णय चुकला असं माझं ठाम मत आहे. पुढल्या वर्षी यँकीज सहाव्या क्रमांकावर घसरले आणि बेराने नंतर १९७३मध्ये दुबळ्या मानल्या जाणाऱ्या मेट्सना वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचवून दाखवलं.

चौथ्या माणसाकडे वळण्याआधी अलीकडचा एक सामना सांगतो. २९ ऑक्टोबर २०१४, कॅन्सस सिटी, वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना. दोन्ही डगआउटमध्ये जुने राखीव कॅचर. सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा ब्रूस बोची : नऊ मोसमांत ३५८ सामने. कॅन्सस सिटी रॉयल्सचा नेड योस्ट : सहा मोसम, त्यातही बरेचसे बाकावर. शिवाय २००८मध्ये मिलवॉकीने त्याला मोसमाचे १२ सामने उरलेले असताना, संघ शर्यतीत असताना, घरी पाठवलं होतं.

बोचीने आपला पहिला पिचर टिम हडसन दुसऱ्याच इनिंगमध्ये काढला. जेरेमी अ‍ॅफेल्टने दोन इनिंगहून थोडं अधिक खेचलं. पाचव्या इनिंगमध्ये ३-२ अशी आघाडी असताना बोचीने मॅडिसन बमगार्नरला बोलावलं. बमगार्नरने तीनच दिवसांपूर्वी पूर्ण सामना टाकला होता, ११७ चेंडू. असा पिचर साधारणपणे चार दिवस विश्रांती घेतो. पहिल्याच बॅटरने त्याला हिट मारली. नंतरचे १४ जण सलग बाद झाले. नवव्या इनिंगमध्ये दोन बाद असताना अ‍ॅलेक्स गॉर्डनचा फटका क्षेत्ररक्षकांच्या हातून निसटला आणि गॉर्डन तिसऱ्या बेसपर्यंत पोचला. बरोबरी अवघ्या ९० फुटांवर. बोची डगआउटमधून हलला नाही. प्लेटवर आला रॉयल्सचा सॅल्व्हाडोर पेरेझ, तोही कॅचर, दुसऱ्या इनिंगमध्ये पायावर चेंडू बसलेला. प्लेटमागे जायंट्सच्या बस्टर पोझीने बमगार्नरकडून वर, आणखी वर, असे वेगवान चेंडूच मागवले, कारण पेरेझ उंच चेंडूच्या मागे लागतो हे सगळ्यांना माहीत होतं. शेवटचा उंच उडाला आणि तिसऱ्या बेसशेजारी पाब्लो सँडोव्हालने पकडला. बमगार्नरचे त्या रात्री ६८ चेंडू झाले होते. त्याला तिथे ठेवायचं हा निर्णय डगआउटमधल्या माणसाने त्याच्या हाताकडे बघून घेतला, आकड्यांच्या तक्त्याकडे बघून नव्हे. पुढच्या वर्षी योस्टनेही वर्ल्ड सिरीज जिंकली. बोचीने २०२३मध्ये टेक्सास रेंजर्सबरोबर चौथी जिंकली, तेव्हा तो ६८ वर्षांचा होता.

कॅचर झाला म्हणजे माणूस आपोआप शहाणा मॅनेजर होतो असं मात्र नाही. ए. जे. हिंच स्टॅनफर्डचा मानसशास्त्राचा पदवीधर. सात मोसम तो खुणा लपवत जगला. तो मॅनेजर असलेल्या ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज संघाने २०१७मध्ये कॅमेऱ्याने प्रतिस्पर्धी कॅचरच्या खुणा चोरल्या आणि कचऱ्याचा डबा बडवून बॅटरला कळवल्या. चौकशी अहवालानुसार हिंचने ते चित्रण दाखवणारा मॉनिटर दोनदा फोडला, पण खेळाडूंना थांबवलं नाही. एक वर्षाची बंदी आली आणि नोकरी गेली. दोनदा मॉनिटर फोडण्यापेक्षा एकदा खडसावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आता एल्स्टन हॉवर्ड. कॅन्सस सिटी मोनार्क्स या निग्रो लीगच्या संघातून तो यँकीजकडे आला. तेव्हा तो आउटफिल्डर होता. डिकींनी त्याचा कॅचर केला, अगदी बेरासारखाच, मुळापासून. १९५५मध्ये, मेजर लीगमधली वर्णभेदाची भिंत पाडणाऱ्या जॅकी रॉबिन्सननंतर आठ वर्षांनी, तो यँकीजचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू झाला. १९६१मध्ये हाउकनेच बेराला बऱ्याचदा लेफ्ट फिल्डला हलवून हॉवर्डला प्लेटमागे बसवलं. १९६३मध्ये तो अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. हा मान मिळालेला त्या लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. १९६९मध्ये त्या लीगचा पहिला कृष्णवर्णीय कोच.

मग अकरा मोसम तो कोच म्हणून पहिल्या बेसपाशी उभा राहिला. पुन्हा मॅनेजर झालेला हाउक गेला, बिल व्हर्डन आला. व्हर्डन गेला, बिली मार्टिन आला, गेला, परत आला. मध्ये बॉब लेमन. प्रत्येक वेळी जागा रिकामी झाली आणि प्रत्येक वेळी ती दुसऱ्याला मिळाली. मेजर लीगला पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर १९७५मध्ये मिळाला, क्लीव्हलंडला, फ्रँक रॉबिन्सन. हॉवर्डला मॅनेजर व्हायचं होतं आणि ते त्याने लपवलं नव्हतं. डिसेंबर १९८०मध्ये हृदयविकाराने तो गेला, वय ५१.

एकाच गुरूने घडवलेले दोन कॅचर, बेरा आणि हॉवर्ड. कॅचरची जागा ही मॅनेजरची शाळा आहे हे बेसबॉलवाले अभिमानाने सांगतात. हॉवर्ड त्याच शाळेत पहिला आला होता, त्याला नोकरी दिली नाही. त्याचा ३२ नंबर यँकीजने १९८४मध्ये निवृत्त केला. आदर म्हणून ते ठीक, पण भरपाई म्हणून फारच तोकडं.

पुढच्या आठवड्यात कोपर, हे नक्की. आणि एक विनंती. जळगाव, जालना, अमरावतीकडे किंवा आणखी कुठे सॉफ्टबॉल-बेसबॉलमध्ये कॅचर राहून पुढे मुलांना शिकवायला लागलेले कुणी वाचकांत असतील, तर त्यांनी जरूर लिहावं. बाकावर बसून काय काय दिसलं, तेवढंच लिहा.