शालेय संगीतशिक्षणातील सर्जनशीलता
तयार गीते शिकण्याबरोबरच विद्यार्थ्यांनी स्वतः ध्वनींची निवड, जुळणी व रचना करावी, ह्या तत्त्वावर आधारलेली अध्यापनदृष्टी. तिच्याविषयी शिक्षकांमध्ये झालेला विचारविनिमय इंग्लंडमधील शाळांच्या संदर्भात विशेष उद्‌बोधक ठरतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथील संगीताचे तास मुख्यत्वे समूहगायन, स्वरलेखनाचे वाचन व नामवंतांच्या रचनांचे श्रवण ह्यांसाठी असत. नवी रचना करणे हे मोजक्या प्रतिभावंतांचे कार्य, असा समज रूढ होता.

जर्मन संगीतरचनाकार कार्ल ऑर्फ (१८९५–१९८२) ह्यांच्या पद्धतीने ह्या समजाला छेद दिला. झायलोफोनसारख्या वाद्याच्या काही पट्ट्या काढून मुलांपुढे पाचच स्वर ठेवणे, हे तिचे एक वैशिष्ट्य. भूप रागाच्या स्वरांशी जुळणाऱ्या ह्या स्वरसमूहात तीव्र विसंवाद सहसा उद्‌भवत नाही. त्यामुळे नवशिक्या मुलालाही उत्स्फूर्त वादन साधते. पुढे यॉर्क विद्यापीठातील जॉन पेंटर (१९३१–२०१०) ह्यांनी पीटर अ‍ॅस्टन ह्यांच्यासह साउंड अँड सायलेन्स (१९७०) हा ग्रंथ लिहून वर्गातील रचनाप्रयोगांचे मार्गदर्शन केले. माध्यमिक शाळांतील संगीतविषयक प्रकल्पाचे (१९७३–८२) संचालनही त्यांनीच केले.

शिक्षकांची मते मात्र दुभंगलेली राहिली. एका पक्षाच्या मते स्वरज्ञान व वादनकौशल्य आधी आणि निर्मिती नंतर. पाया नसता होणारी रचना केवळ गोंगाट ठरते. दुसऱ्या पक्षाच्या मते रचना करतानाच कौशल्याची गरज जाणवते व ते आत्मसात होते. व्यावहारिक अडचणीही होत्या : मोठे वर्ग, अपुरी वाद्ये, एकच खोली आणि रचनेचा स्वतःला अनुभव नसणे.

१९८६ मध्ये सुरू झालेल्या माध्यमिक प्रमाणपत्र अभ्यासक्रमात (पहिली परीक्षा १९८८) सादरीकरण व श्रवण ह्यांच्या जोडीला रचनेचाही समावेश झाला. त्यामुळे वादाचा रोख मूल्यमापनाकडे वळला. नियमांचे काटेकोर पालन गुणांस पात्र मानावे, की अपूर्ण पण स्वतंत्र कल्पना, हा प्रश्न उभा राहिला. गुणदानाचे निकष ठरीव झाल्यास विद्यार्थी साहस टाळतात. ते सैल राहिल्यास न्याय्य तुलना अवघड होते.

ह्या मतभेदाचा खरा परिणाम घरी वाद्यशिक्षण न मिळालेल्या मुलांवर होतो. कौशल्य ही पूर्वअट मानल्यास ती केवळ श्रोते राहतात. वर्गातच ते देता आल्यास संगीत त्यांचेही होते.